कोपरतलावाची वाकडी पाळ

या, इथे मोहाच्या झाडाखाली बसा. ऊन उतरेपर्यंत तलाव इथूनच चांगला दिसतो. समोर जी मातीची लांब भिंत दिसते तिला आम्ही पाळ म्हणतो. या टेकडीपासून त्या टेकडीकडे ती नीट जाते, मग मध्येच कोपरात दुमडलेल्या हातासारखी खाली वळते आणि पुन्हा वर येते. भंडाऱ्याकडचे एक इंजिनियर साहेब आले होते, ते म्हणाले, सरळ बांधली असती तर निम्मी माती लागली असती. त्यांचंही खरंच आहे. पण सरळ बांधून पाहिली होती, दोनदा.

मी दसाराम लांजेवार. चाळीस वर्षं या तलावाचं पाणी शेतांना सोडण्याचं काम मी केलं. ही गोष्ट मी माझ्या आजोबांकडून ऐकली. किती पिढ्यांपूर्वीची, ते नक्की कोणी सांगत नाही. आजोबा सात पिढ्या म्हणायचे, पलीकडच्या टोलीवरचे, म्हणजे वस्तीवरचे, लोक नऊ म्हणतात.

तेव्हा आमच्या सावरगोंदीला तलाव नव्हता. धान पावसाच्या भरवशावर. एखाद्या वर्षी आभाळाने आश्विनात पाठ फिरवली की लोंब्या पोचट राहायच्या. गावचे पाटील रायभान यांनी चार दिवसांच्या वाटेवरून कवडू कोहळी नावाच्या म्हाताऱ्याला बोलावून आणलं. तलाव बांधण्यात त्याचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता, असं सांगतात. जमिनीवर पालथा पडून, एक डोळा मिटून तो उतार ओळखायचा म्हणे. सगळं गाव कामाला लागलं. बायकांनी टोपल्या वाहिल्या, पोरांनीही आपल्या लहान टोपल्यांतून माती वाहिली. उन्हाळा संपता संपता पाळ उभी राहिली. सरळ, या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत.

भादव्यात तलाव भरला. आणि एका दुपारी, आभाळ निरभ्र असताना, पाळ मधोमध फुटली. खालची सगळी शेतं वाळूखाली गेली. माणूस दगावला नाही, पण धानाचा एक दाणा घरात आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कवडूने पाळ दुप्पट रुंद केली. भादव्यात ती त्याच जागी फुटली.

मग लोकांचा धीर सुटला. अकरा घरांनी बैलबंड्या भरल्या आणि नदीपल्याडच्या गावी निघून गेली. दुसऱ्या गावांच्या गोष्टीत या वळणावर कुणाचा तरी बळी जातो. पाणी जीव मागते, असं आमच्याकडेही कुणीतरी बोललं होतं म्हणतात. पण कवडू म्हातारा उठला, देवळासमोर गेला आणि म्हणाला, "चूक माझी आहे, पाण्याची नाही. ही पाळ टिकेपर्यंत मी भात खाणार नाही." भाताच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? ज्वारीची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, एवढ्यावर तो राहिला. रोज सकाळी फुटलेल्या पाळीवर जाऊन बसायचा, मातीकडे बघत.

पौषातली गोष्ट. पाळीच्या खालच्या अंगाला चार-पाच पोरं चिखलात हात घालून खेकडे काढत होती. त्यांत पुढे होती धुरपी, मासे धरणाऱ्या लक्षा ढिवराची मुलगी, आठ-नऊ वर्षांची. तिची टोपली काठोकाठ भरली होती. कवडू खाली उतरला.

"एवढे खेकडे कुठे सापडले गं?"

"इथंच. जिथं पाळ फुटते तिथंच असतात बाबा."

"तिथंच काहून?"

"खाली ओल असते ना. उन्हाळ्यातबी असते." तिने खांद्यापर्यंत हात बिळात घातला आणि मूठभर पांढरी वाळू काढून त्याच्यासमोर धरली. "वरून किती बी माती टाका, पाणी खालून जाते."

कवडूने ती वाळू हातात घेतली. बोटांत चोळून पाहिली. मग त्याने विचारलं, "हे गेल्या साली का नाही सांगितलंस पोरी?"

"सांगितलं होतं. पाळीवर माती टाकत होतो तेव्हा सांगितलं. त्या कुदळवाल्या काकानं म्हटलं, जा, टोपली भरून आण. घरी सांगितलं तर बापानं थापड मारली. मोठी माणसं बोलतात तिथं बोलायचं नाई, म्हणाला."

कवडूने त्याच दिवशी खणायला घेतलं. हातभर चिकण मातीखाली पांढरी वाळू लागली. कोण्या काळी बुजून गेलेल्या नाल्याचं ते पात्र होतं. पाळ त्याच्यावर उभी होती. जमिनीवर पालथं पडून जे दिसलं नाही, ते पोरांच्या हाताला रोज लागत होतं.

"आता ही वाळू कुठे संपते ते कसं कळावं?" तो स्वतःशीच म्हणाला.

धुरपी म्हणाली, "तिकडं खाली खेकडे नाईत. काठी वीतभर बी जात नाई, दगड लागते." आणि तिने बोट दाखवलं.

कवडूने तिकडे पाहिलं. ती रायभान पाटलांची बांधी होती, धानाची शेती. गावातली सर्वांत चांगली, बापजाद्यांची. पाळ तिथून वळवायची म्हणजे ती बांधी कायमची पाण्याखाली जाणार.

दुसऱ्या सकाळी मोहाखाली गावाची बैठक भरली. कवडू धुरपीचा हात धरून आला. पाटलांच्या कपाळाला आठी पडली.

"कवडू, बैठकीत लेकरू कशाला आणलंस? तुला काय सांगायचं ते सांग."

"पाटील, हे मला ठाऊक नव्हतं, हिला ठाऊक होतं. मी सांगितलं तर ते माझं होईल. हिचं हिनंच सांगावं."

धुरपी पुढे आली. तिचा बाप लक्षा मागे खाली मान घालून बसला होता. पण ती बोलली. वाळूचं सांगितलं, खेकड्यांचं सांगितलं, आणि दगड कुठे लागतो तेही सांगितलं.

पाटलांनी विचारलं, "ती बांधी कोणाची आहे, माहीत आहे का तुला?"

"हो. तुमची."

"मग?"

"दगड तिथंच आहे पाटीलबाबा. मी काय करू?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पाटील उठले आणि घरी गेले.

तीन दिवस ते बाहेर पडले नाहीत. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, आता ढिवराला गाव सोडावं लागेल. लक्षाने तर घरातली भांडी बांधून ठेवली होती. बायकोने विचारलं, "पोरीला बोलणार आहात का?" तेव्हा तो म्हणाला, "एकदा मारलं ते चुकलं. आता जाऊ तर सगळेच जाऊ."

चौथ्या दिवशी सकाळी पाटील लक्षाच्या दारात उभे. हातात काठी. लक्षाने हात जोडले. पाटील म्हणाले, "पोरीला पाठव माझ्यासोबत. मला दाखव म्हणावं."

ते दोघं बांधीवर गेले. सगळं गाव लांब उभं राहून बघत होतं. पाटलांनी नऊ ठिकाणी काठी रोवली. नऊही ठिकाणी वीतभरावर दगड लागला. मग ते बांधीच्या मधोमध उकिडवे बसले. तिथे त्यांनी बापासोबत धानाच्या रोपांचे पऱ्हे लावले होते, पहिल्या मुलाच्या बारशाचा तांदूळ तिथूनच आला होता. किती वेळ बसले कोण जाणे. उठले तेव्हा त्यांनी उपरण्यात त्या बांधीची माती घेतली आणि कवडूने वळणाची खूण म्हणून जिथे खुंटी ठोकली होती तिथे नेऊन टाकली. नव्या पाळीची पहिली माती ती.

त्या संध्याकाळी बैठकीत पाटील बोलले ते शब्द आजोबा जसेच्या तसे सांगायचे. "माझी बांधी तर जायचीच होती. पण हिचं पहिल्याच साली ऐकलं असतं तर गावाचं दोन सालचं धान वाचलं असतं, अकरा घरं गेली नसती. यापुढे दर साली मृगाच्या आधी गावातली लेकरं पाळ फिरून बघतील. मग बैठक भरेल. आधी ती बोलतील. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मोठ्या माणसानं तोंड उघडायचं नाही. आणि जे विचारतील त्याचं उत्तर त्याच बैठकीत द्यायचं. होत असेल तर कधी होईल ते सांगायचं, होत नसेल तर का होत नाही ते सांगायचं."

नवी पाळ कोपर घेऊन उभी राहिली. भादवा गेला, आश्विन गेला, पाळ हलली नाही. दिवाळीच्या सुमारास नवं धान कांडलं, तेव्हा धुरपीच्या आईने कवडूला पान वाढलं. म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि डोळे पुसले म्हणे. नदीपल्याड गेलेल्या अकरा घरांपैकी आठ परत आली. तीन आली नाहीत. त्यांची आडनावं अजून त्या गावात आहेत.

आजही जूनच्या आधी आमच्या प्राथमिक शाळेची पोरं पाळ फिरतात. सुट्टी असली तरी येतात. पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी, गुरुजी मागे. मग ग्रामसभा भरते. आता पोरं पाळीपुरतंच बोलत नाहीत. शाळेच्या नळाचं विचारतात, बसथांब्याच्या शेडचं विचारतात. एकदा एका पोराने सरपंचांना विचारलं होतं, तुम्ही सभेला उशिरा का येता. सरपंचांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं.

गेल्या साली पहिलीतली एक मुलगी उभी राहिली, वंशिका कापगते. उभी राहिली आणि काय सांगायचं तेच विसरली. दीडशे माणसं बसलेली. कुणी हसलं नाही, कुणी तिला सुचवलं नाही. तिची आई समोरच होती, तीही गप्प. बराच वेळ गेला. मग ती हळूच म्हणाली, "मला आठवत नाही. उद्या सांगू का?"

सरपंचबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सांग. पोरांचं बोलणं संपलं नाही, तेव्हा सभाही संपली नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दीडशे माणसं पुन्हा येऊन बसलो.