बापाची बैठक

कडजाईच्या डोंगरावर गेलेला माणूस दोन गोष्टींपाशी अडतो. माथ्यावर चांगलं घडीव दगडी देऊळ आहे, पण आत देवीच नाही. नुसता चौथरा, त्यावर रोजचं ताजं फूल. देवी बसली आहे ती बरीच खाली, कुसुंबाच्या झाडाबुडी, उघड्यावर. आणि तिच्यापर्यंतच्या वाटेवर बसायला अकरा बुटके दगड आहेत. कुठे दोन दगडांत दोनशे पावलं, कुठे दहासुद्धा नाहीत. मांडणाऱ्यानं काय विचार करून मांडले असतील?

चैत्रात कुसुंबाला लाल पालवी फुटली की लोक पोराबाळांना घेऊन हा डोंगर चढायला येतात. पायथ्याशी नारोशेट मिठाऱ्यांचं सरबताचं दुकान आहे. परवा एक गृहस्थ आले, बरोबर पाच वर्षांची मुलगी. गाडीतून उतरता उतरताच त्यांनी विचारलं, "वर जायला किती वेळ लागतो?"

"एकट्याला पाऊण तास," नारोशेट म्हणाले. "पोरगी बरोबर असेल तर तिला विचारा."

गृहस्थ हसले नाहीत, घड्याळ बघत होते. तेव्हा नारोशेटनी सरबताचे दोन पेले पुढे सरकवले आणि हकिगतीला हात घातला.

बैलांच्या पाठीवरून घाटानं मीठ वर यायचं, त्या काळची ही गोष्ट. खालच्या आंबेकुंडात गुणाशेट नावाचा मिठाचा व्यापारी होता म्हणे. माणूस दिलदार, शब्दाचा पक्का, पण पायाला भिंगरी. जेवायला बसला तरी नजर दाराकडे. त्याची चार वर्षांची मुलगी येसू पौषात तापानं फणफणली. ताप उतरला, पण जाताना पायातलं बळ घेऊन गेला. पोर या मांडीवरून त्या मांडीवर जाऊ लागली.

एका सकाळी गुणाशेटनं अंगणातूनच डोंगराकडे हात जोडले. "आई, पोर उभी राहू दे. चैत्री पुनवेला तिच्याच पायांनी तुझ्या दारी आणतो, कुणी उचलणार नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत तुझी ओटी भरतो. वायदा चुकला तर दिलेलं परत घे."

त्याची बायको भिवरा दारातच होती. ती म्हणाली, "अहो, वेळ कुणी मागितली होती तुमच्याकडे?"

"वेळ नाही तो वायदा कसला?" गुणाशेट म्हणाला. जन्मभराची सवय, देवीपुढेही सुटली नाही.

होळीच्या सुमारास येसू भिंत धरून उभी राहिली. पाडव्याला भिंत सोडून अंगणात आली. घर आनंदलं, पण गुणाशेटची झोप उडाली. देवीनं तिचा शब्द पाळला होता, आता पाळी त्याची होती.

पुनवेला तांबडं फुटताच तिघं निघाली. पहिल्या वळणाला पळसाची फुलं गळून पडली होती. येसू मटकन खाली बसली आणि वेचू लागली. गुणाशेट तिच्याभोवती फेऱ्या घालू लागला. "चल गं बाय, वर गूळखोबरं आहे." पोरीला फुलं पुरेशी होती. पुढे ती मुंग्यांची रांग बघायला बसली. पुढे करवंदीच्या जाळीपाशी, पुढे नुसतीच. गुणाशेट वाटेकडे बघायचं सोडून आपल्या सावलीकडे बघत होता. सकाळी ती पार दरीत जाऊन पडली होती, आता पायांकडे सरकत होती.

"बैलांना घाटात दम खाऊ देता," भिवरा म्हणाली, "तेव्हा नाही कधी सावली मोजलीत."

"बैलांचा नवस नव्हता केला मी!"

सात वेळा बसून झालं. आठव्यांदा बसली तेव्हा मात्र त्याला राहवेना. वाटेवर मागेपुढे कुणी नव्हतं. त्यानं येसूला काखेत मारलं.

"आबा, खाली ठेव! माझे पाय देवीला दाखवायचेत ना?"

चटका बसल्यासारखं त्यानं तिला खाली सोडलं, आणि ती उभी राहते की नाही ते वाकून बघू लागला. उभी राहिली. सात-आठ पावलं चालली आणि पुन्हा बसली.

अकराव्यांदा ती कुसुंबाखाली बसली आणि म्हणालीच, "आता पुरे." वर देऊळ दिसत होतं. सावली वीतभर उरली होती. गुणाशेटनं मनाशी घाईघाईनं जुळवाजुळव केली. चाललीच आहे पोर एवढं, तेवढं देवी बघून घेईल. ओटी तरी वेळेत पोचवू. त्यानं खण, नारळ, तांदळाचं गाठोडं उचललं.

"अहो, ज्या पायांसाठी आलो ते इथं बसलेत," भिवरा म्हणाली. पण तो धावत सुटला होता.

देवळात शिरला तर चौथरा रिकामा. शेंदराचा वाटोळा ठसा तेवढा होता, अजून ओला. देवी निघून गेली, आता दिलेलं परत घेणार. तो तसाच खाली पळाला. खण करवंदीच्या काट्यांना लागून राहिला, नारळ घरंगळत दरीत गेला.

कुसुंबाखाली येसू बसली होती. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, मैत्रिणी बसतात तसा शेंदरी पाषाण. पुढ्यात ओंजळभर पळसाची फुलं.

"मी घाम पुसायला पदर तोंडावर घेतला," भिवरा हात जोडून म्हणाली, "बाजूला केला तर ही इथं."

"तेव्हा सूर्य कुठं होता?" त्याही घटकेला गुणाशेटनं हेच विचारलं म्हणतात.

"डोक्यावर यायचा होता. ओटी येसूनं भरली."

येसूनं वर बघितलं. "आबा, तू कुठं गेलेलास? देवी तर इथं आली. बस की."

गुणाशेट समोर जमिनीवर बसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. सावली पायांखाली गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, लांब होत गेली. त्यानं एकदाही त्या सावलीकडे पाहिलं नाही. उन्हं कलल्यावर येसू आपण होऊन उठली, "चला" म्हणाली आणि डोंगर चालत उतरली.

पुढे गावानं देवीला पुन्हा देवळात न्यायचं काढलं. गुणाशेट आडवा आला. "ती तिच्या पायांनी आली आहे," तो म्हणाला, "तिला कुणी उचलायचं नाही." मग पोर जिथं जिथं बसली होती, तिथं तिथं त्यानं एकेक दगड मांडला. आणि आपण बसलो होतो तिथं बारावा, सगळ्यांत मोठा.

आजही पोरांना घेऊन येणारा माणूस अकराही दगडांवर टेकतो, दमलेला असो वा नसो. आजही देवीसमोरच्या त्या मोठ्या दगडावर घरातला मोठा बसतो, आणि पोरानं "चला" म्हटल्याशिवाय उठत नाही. त्याला बापाची बैठक म्हणतात.

परवाचे गृहस्थ खाली उतरले तेव्हा दुकानाच्या फळ्या लागत होत्या. घड्याळ मुलीच्या दंडावर चढलं होतं आणि पट्ट्यात पळसाचं फूल खोचलेलं.

"किती वेळ लागला?" नारोशेटनी विचारलं.

गृहस्थांनी मनगटाकडे नजर टाकली, ते रिकामं होतं. मग ते मुलीकडे वळून म्हणाले, "हिला विचारा."