पावट्याची शेंग

“...पण नळी जाण्यासारखी नव्हतीच, बाई. तुम्ही असता तर गेली असती का?”

शेवाळेबाई पावटा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तिथं मी नव्हते. तू होतास.”

डॉक्टर अभिराम कोरडे वाईला बाईंच्या ओसरीवर बसला होता. समोरचा चहा गार झाला होता.

बाईंचा सगळा जन्म भूल देण्यात आणि ती द्यायला शिकवण्यात गेला. ऑपरेशन करणाऱ्याला पेढे मिळतात, भूल देणाऱ्याचं नावही रोग्याला आठवत नाही. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्यांना काळजी वाटायची ती हुशार विद्यार्थ्यांची. आणि अभिराम त्यांतला सगळ्यात हुशार.

“नीट सांग,” बाई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

त्याने सांगितलं.

डोंगरातल्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय. वैजू नावाची पोर, कॉलेजात जाणारी. घरात जमिनीवर झोपली होती, मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, त्यामुळे पोरीला कळलंही नाही. सकाळी पापण्या उघडेनात, मग मान धरवेना. रुग्णालयात आणली तेव्हा बोलणं बंद झालं होतं. त्याने विषावरचं औषध लगेच सुरू केलं. ते काम करू लागण्याआधीच छाती थांबली.

“म्हणजे तिला फक्त श्वास हवा होता,” बाई म्हणाल्या. “विष उतरेपर्यंत.”

“हो.”

“अंबू होती?”

“होती.”

अंबू म्हणजे हाताने दाबायची रबरी पिशवी. पुढे मास्क. तो तोंडा-नाकावर घट्ट धरायचा, पिशवी दाबायची, की दुसऱ्याच्या छातीत हवा जाते. बाईंची एक जुनी अंबू ओसरीच्या खुंटीवर छत्रीशेजारी टांगलेली होती.

“मास्क बसत होता?”

“बसत होता.”

“छाती वर येत होती?”

“येत होती, बाई. पण मास्कवर किती वेळ काढणार? घशातून नळी घातली की काम पक्कं होतं. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. मग?”

“मग मास्क काढला आणि नळी घालायला घेतली. जबडा लहान होता. घसा बघायच्या पात्यानं जीभ उचलली तरी वाट अर्धीच दिसत होती. नळी टोकापर्यंत जायची आणि सटकायची. वाटायचं, अजून एकदाच... आता जातेय...”

“पुन्हा मास्क कधी लावलास?”

अभिरामने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“मशीनवर ऑक्सिजनचा आकडा चांगला होता,” तो म्हणाला. “एकदम पडला.”

“मशीन बोटाला लावलेलं असतं. बोटाला बातमी उशिरा कळते. तिचे ओठ समोर होते ना?”

“...होते.”

“निळे?”

त्याने मान खाली घातली.

“हातच्या कांकणाला आरसा शोधत बसलास,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं अभिरामला वाटलं.

बाईंचा एक जुना नियम होता. रोग्याच्या घशात पातं घालताना आपलाही श्वास धरायचा. आपला जीव कासावीस झाला, की त्याचाही झाला म्हणून समजायचं. हात बाहेर काढायचा, मास्क लावायचा, आधी श्वास द्यायचा. नळी कुठं पळून जात नाही. पोरं या नियमाला हसायची. ‘बाईंचा प्राणायाम’ असं त्याचं नाव पडलं होतं, आणि ते नाव अभिरामनेच पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. त्याही हसल्या होत्या तेव्हा.

“श्वास धरला होतास?” त्यांनी विचारलं.

“मशीन असताना... नाही, बाई.”

पावट्याची एक शेंग फुटली. दाणे ताटलीत पडले.

“हे ऐकवायला एवढ्या लांब आला नाहीस,” बाई म्हणाल्या. “काय हवंय तुला?”

अभिरामने कप बाजूला सारला.

“तिची आई रुग्णालयाच्या पायरीवर बसलीय. दहावा झाला तरी रोज येते. भांडत नाही, ओरडत नाही. मी दिसलो की एकच विचारते.”

“काय?”

“‘माज्या पोरीला समदं कळत व्हतं का, डागतर?’”

बाईंचे हात थांबले.

“मी सांगितलं, नव्हतं कळत. बेशुद्ध होती. सगळ्यांना तेच सांगितलं. तिचं काही समाधान होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.” तो पुढे सरकला. “तुम्ही म्हणा, बाई. तिला काही कळत नव्हतं, आणि नळी कुणाच्यानंच गेली नसती. तुम्ही एवढं म्हणालात तर मी उद्या तिच्यासमोर उभा राहू शकेन.”

बाई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून उठावं लागलं. त्यांनी खुंटीवरची अंबू काढली.

“आडवा हो.”

“बाई?”

“चटईवर आडवा हो. डोळे मीट.”

तो आडवा झाला. गुरूपुढे शहाणपण चालत नाही, हे त्याला अजून आठवत होतं.

“आता तू मण्यार चावलेला आहेस. पापणी हलवायची नाही. बोट हलवायचं नाही. छातीही आपण होऊन हलवायची नाही. श्वास मी देईन तेवढाच.”

बाईंचा डावा हात त्याच्या जबड्यावर बसला. म्हातारा हात, पण पकड तीच होती. मास्क घट्ट झाला. पिशवी दाबली गेली आणि अभिरामची छाती भरून आली. मग सुटली. पुन्हा भरली. परक्या हाताने घेतलेला श्वास त्याला विलक्षण वाटला. आयुष्यभर दिला होता, घेतला कधी नव्हता.

मग पिशवी थांबली.

शेंगांच्या टोपलीची खुडबूड ऐकू आली. मास्क तोंडावर तसाच होता. हवा येत नव्हती.

“ही शेंग काही उघडत नाही,” बाई वर कुठंतरी म्हणाल्या. “कवळी आहे. थांब हं...”

अभिराम पडून राहिला.

“शिरेत नख जातंय, पण सटकतंय... एकदाच अजून...”

त्याच्या कानांत ठोके वाजू लागले. छाती आतून ढुसण्या देऊ लागली.

“आता उघडतेय बघ... आता उघडतेय...”

अभिरामने दोन्ही हातांनी मास्क ओढून काढला आणि उठून बसला. घशातून मोठा आवाज निघाला. तो धापा टाकत राहिला.

बाईंच्या हातात शेंग तशीच होती, न उघडलेली.

“हात का उचललास?”

“जीव... जीव घुसमटला, बाई.”

“तिनं नाही उचलला.”

अभिरामने मास्क चटईवर ठेवला.

“डोळे मिटलेले होते तुझे,” बाई म्हणाल्या. “काय काय ऐकलंस?”

“तुम्ही म्हणालात... शेंग उघडत नाही. एकदाच अजून. आता...”

पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

बाईंनी तो उच्चारला नाही. गरजही नव्हती. मण्यार अंग मारते, कान मारत नाही, हे अभिराम परीक्षेत लिहून आला होता. उत्तराला पैकीच्या पैकी गुण होते. त्या सकाळी मात्र पोर हलत नाही म्हणून त्याने तिला ऐकतही नाही असं धरून टाकलं. तिच्या कानाशी उभा राहून तो नर्सला सांगत होता, अजून एकदाच, आता जातेय, दुसरं पातं दे. तिच्याशी तो एक शब्दही बोलला नव्हता.

आता तो रडला. तोंड झाकायचं राहून गेलं. बाईंनी त्याला उगी केलं नाही. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते आणि त्या पदराने ते पुसत होत्या.

“तुला मी शिकवलं,” त्या म्हणाल्या. “प्राणायाम म्हणालास तेव्हा मी हसण्यावारी नेलं. त्या पोरीच्या उशाशी मीही होते, अभिराम.”

खाली कृष्णेच्या घाटावर कुणी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“बाई,” अखेर तो म्हणाला, “खोटं सांगितलं तर कधी ना कधी ती घरी जाईल. खरं सांगितलं तर ती आयुष्यभर तेच ऐकत बसेल... पोर ऐकत होती, घुसमटत होती आणि मी...” त्याने मान हलवली. “न सांगणं हीच दया नाही का?”

“दया कुणावर?”

अभिरामने बाहीने डोळे पुसले.

“मग काय सांगू तिला?”

बाईंनी अंबू पदराने पुसली आणि पुन्हा खुंटीवर टांगली. खाली बसल्या. ती कवळी शेंग उचलून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि बोटं मिटून दिली.

“पायरीवर जा. तिच्याशेजारी बस. श्वास धर... आणि तुझा जीव कासावीस होईपर्यंत तोंड उघडू नकोस. मग तोंडून खोटं निघणार नाही.”