पानांचा कौल

फार पूर्वी एका उघड्या माळावर एकच करंज उरला होता आणि त्याचीही सावली दरवर्षी विरळ होत चालली होती. ती कशी वाचवायची, हे सांगायला मोराने सगळ्यांना झाडाखाली बोलावलं.

म्हातारी साळूबाई साळिंदर सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मुळाला वाळवी लागलेली तिने स्वतः उकरून पाहिली होती.

"मी नुसतं भाषण ठोकणार नाही, तुमचा कौल घेणार!" मोराने पिसारा फुलवला. "एकेक पान तोडा. होय असेल तर उजवीकडे टाका, नाही तर डावीकडे. सांगा, सावली आवडते का?"

माकडांनी फांद्या ओरबाडून सगळ्यांना पानं वाटली.

"अरे, मुळाला वाळवी लागलीय!" साळूबाई ओरडली.

"आजी, मत पानाने द्यायचं, तोंडाने नाही. पुढचा प्रश्न, आज सगळे खुशीत आहात ना?"

असे वीसेक प्रश्न झाले. ढीग वाढला की मोर नाचायचा आणि मोर नाचला की टाळ्या पडायच्या. साळूबाईच्या पाठीला उन्हाचे चटके बसू लागले.

"आता शेवटचं. सभा आवडली का?"

उरलीसुरली पानंही उजवीकडे पडली.

"एकमताने आवडली!" मोर डोळे किलकिले करत म्हणाला. "पुढची सभा मात्र जरा सावलीत घेऊ."