ठुमकीची काडेपेटी

एक होती ठुमकी. लाकडाची चिमणी. केवढी? अंगठ्याएवढी! चोच पिवळी, शेपूट तुटकं, पण तोरा केवढा!

ठुमकीचं घर म्हणजे एक काडेपेटी. आत मऊ मऊ कापूस.

एकदा काय झालं, ठुमकी फिरून आली. टुक टुक, टुक टुक! बघते तर घरात कोण? ढब्बू गोटी! कापसात लोळत होती.

तेवढ्यात आतून आई ओरडली, "पाहुणे यायचेत गं! झाडू घेऊन निघाले मी. जमिनीवर जे सापडेल ते पोत्यात. आणि पोतं माळ्यावर!"

आतल्या खोलीत झाडू वाजला. खर्र खर्र!

बाप रे! माळ्यावर अंधार. माळ्यावर धूळ. गेल्या दिवाळीला एक भोवरा माळ्यावर गेला, तो अजून काही आला नाही.

ठुमकी म्हणाली,
"गोटीताई, गोटीताई, ऊठ ना!
गोटी थैलीत, की मी पेटीत!"

गोटी म्हणाली, "मी कशी उठू? थैलीत माझ्या ठोकळे बसले. ते उठले की मी उठते."

ठुमकी निघाली. टुक टुक, टुक टुक!

"ठोकळेदादा, ठोकळेदादा, उठा ना!
ठोकळे डब्यात, की गोटी थैलीत,
गोटी थैलीत, की मी पेटीत!"

ठोकळे म्हणाले, "आम्ही कसे उठू? डब्यात आमच्या गाडी बसली. ती उठली की आम्ही उठतो."

झाडू आला स्वयंपाकघरात. खर्र खर्र!

ठुमकी निघाली. टुक टुक, टुक टुक!

"गाडीमावशी, गाडीमावशी, ऊठ ना!
गाडी टोपलीत, की ठोकळे डब्यात,
ठोकळे डब्यात, की गोटी थैलीत,
गोटी थैलीत, की मी पेटीत!"

गाडी म्हणाली, "मी कशी उठू? टोपलीत माझ्या अस्वल बसलं. ते उठलं की मी उठते."

ठुमकी निघाली. टुक टुक, टुक टुक!

"अस्वलकाका, अस्वलकाका, उठा ना!
अस्वल पाटावर, की गाडी टोपलीत,
गाडी टोपलीत, की ठोकळे डब्यात,
ठोकळे डब्यात, की गोटी थैलीत,
गोटी थैलीत, की मी पेटीत!"

अस्वलानं जांभई दिली. आऽऽऽ! "मी कसा उठू? पाटावर माझ्या आजोबा बसले. ते उठले की मी उठतो."

आणि खरंच की! एवढासा पाट, त्यावर एवढे मोठे आजोबा! गुडघे कानाशी आलेले.

झाडू आला पडवीत. खर्र खर्र!

ठुमकी निघाली. टुक टुक, टुक टुक!

"आजोबा, आजोबा, उठा ना!
आजोबा खुर्चीत, की अस्वल पाटावर,
अस्वल पाटावर, की गाडी टोपलीत,
गाडी टोपलीत, की ठोकळे डब्यात,
ठोकळे डब्यात, की गोटी थैलीत,
गोटी थैलीत, की मी पेटीत!"

आजोबा म्हणाले, "मी कसा उठू, ठुमके? खुर्चीत माझ्या रेणू बसली. ती उठली की मी उठतो. बटणांचं दुकान चालवलं मी चाळीस वर्षं, पण गुडघे असे कधी वाजले नाहीत बाई!"

रेणू म्हणजे आजोबांची नात. खुर्चीत बसून दुकान-दुकान खेळत होती.

"रेणूताई, रेणूताई, ऊठ ना!
रेणू खाली, की आजोबा खुर्चीत,
आजोबा खुर्चीत, की अस्वल पाटावर,
अस्वल पाटावर, की गाडी टोपलीत,
गाडी टोपलीत, की ठोकळे डब्यात,
ठोकळे डब्यात, की गोटी थैलीत,
गोटी थैलीत, की मी पेटीत!"

"छट्!" रेणू म्हणाली. "मी शेठाणी आहे. शेठाणी कधी गादी सोडते का?"

झाडू आला दाराशी. खर्र खर्र! खर्र खर्र!

आता काय करायचं? ठुमकीनं मान वाकडी केली. विचार केला. मग म्हणाली, "शेठाणीबाई, मी तर गिऱ्हाईक! मला एक काडेपेटी द्या. आत मऊ मऊ कापूस हवा हं!"

"या, या, बसा!" रेणू खूश झाली. खिशात हात घातला. निघाला बाहुलीचा बूट. दुसऱ्या खिशात हात घातला. निघाला चमचा. "आहे हो, आहे! इथेच कुठेतरी आहे..."

"नसेल तर राहू दे बाई," ठुमकी म्हणाली. "शेजारच्या दुकानात बघते." आणि वळली. टुक टुक, टुक टुक!

आजोबा खोकले. "शेठाणी, गिऱ्हाईक चाललं! आमच्या दुकानातून रिकाम्या हातानं कोणी गेलं नाही हो."

"अहो थांबा! देते!" रेणूनं टुणकन खाली उडी मारली.

आणि मग?

रेणू खाली, आजोबा खुर्चीत. हुश्श!
आजोबा खुर्चीत, अस्वल पाटावर. धप्प!
अस्वल पाटावर, गाडी टोपलीत. झुक झुक झुक!
गाडी टोपलीत, ठोकळे डब्यात. खडड खडड!
ठोकळे डब्यात, गोटी थैलीत. टप्प!
गोटी थैलीत, आणि पेटी... रिकामी!

रेणूनं पेटी उचलली. फुंकर मारली. "घ्या बाई! एकदम ताजी काडेपेटी!"

ठुमकी शिरली आत. टुक!

"शाब्बास शेठाणी!" आजोबा म्हणाले. "माल जागेवर, तर गिऱ्हाईक दारावर!"

आई आली. पोतं उघडलं. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. वाकून पाटाखाली बघितलं. जमिनीवर एकसुद्धा खेळणं नाही!

"अगंबाई! आता पोत्यात भरू काय?"

काडेपेटीतून आवाज आला, "वारा भरा, वारा!"

पोतं गेलं माळ्यावर, रिकामंच. ठुमकी राहिली पेटीत. गोष्ट राहिली पुस्तकात.

आणि पुस्तक? पुस्तक कुठे ठेवायचं, दाखवा बघू!