मुठीतलं लोखंड

राजपुरीच्या खाडीकाठी एक होते याकूतबाबा फकीर, एक होता त्यांचा शागीर्द लतीफ, आणि एक होती विधवा मरियम, तिची लेक सकीना. सगळे सिद्दी. वाडवडील गलबतांतून आफ्रिकेहून आलेले. कुणी येताना सुरी आणली, कुणी नुसते दोन हात.

‘‘मग, किती वर्षांची म्हणतोस?’’ मरियमच्या घरी बसून बाबांनी विचारलं.

लतीफनं मरियमची सुरी उन्हात धरली. जुन्या आफ्रिकी सुऱ्यांचं वय सांगावं तर आपणच, असं त्याला हल्ली वाटू लागलं होतं.

‘‘चाळीस. त्यावर एक दिवस नाही.’’

मरियमनं घाबरून समोर पाहिलं. सकीनाच्या होणाऱ्या नवऱ्याचे दाऊदमामू तिथंच बसले होते. त्यांच्या घरची रीत अशी, की सून येताना माहेरची, दर्यापलीकडची सुरी घेऊन येते. सुरी बाजारातली निघाली, की सोयरीक मोडली.

‘‘कशावरून चाळीस?’’ बाबांनी विचारलं.

‘‘मूठ फणसाच्या लाकडाची, आपल्याकडची. रिबिटं अजून चकाकतायत. आणि पातं बघा की… करंगळीएवढं. असली पत्र्याची पाती जत्रेत ढिगानं पडलेली असतात.’’

‘‘माझ्या आजेसासूच्या हातात होती रे ती!’’

‘‘खाला, लोखंड खोटं बोलत नाही.’’

दाऊदमामू उठले. चपला शोधू लागले.

‘‘बस रे,’’ बाबा म्हणाले. ‘‘चहा ठेवलाय सकीनानं.’’

मग त्यांनी सुरी पाट्यावर आडवी ठेवली आणि वरवंटा उचलला.

‘‘बाबा, नको!’’ मरियम किंचाळली.

एकच घाव. मूठ दुभंगली.

लाकडाच्या पोटात तेच पातं होतं. पण दोन बोटं रुंद. जाड, काळंभोर, हातोड्याचे ठोके अजून अंगावर असलेलं.

‘‘आत एवढं,’’ बाबा म्हणाले, ‘‘आणि बाहेर करंगळीएवढं. मधलं लोखंड कुठं गेलं?’’

लतीफनं वाकून पात्यावर बोट फिरवलं.

‘‘कुठं म्हणजे?’’ मरियमनं पदरानं डोळे पुसले. ‘‘आमच्या दारच्या दगडात. मासळी कापायची म्हटलं की आधी घासायची. सासूनं घासली, तिच्या सासूनं घासली. मूठ कुजली की नवी बसवायची. दगडाला केवढा खळगा पडलाय, जाऊन बघ. चिमण्या पाणी पितात त्यात.’’

दाऊदमामू दारापाशी गेले. वाकून खळग्यात बोटं बुडवली. परत येऊन बसले.

‘‘चहा आणा,’’ ते म्हणाले. ‘‘आणि सकीनाला सांगा, साखर घालताना हात आखडू नको.’’

नवी मूठ लतीफनंच बसवली. फणसाचीच.

निकाह झाला. सकीना सासरी सुखानं नांदली, मरियमला दाऊदमामूंनी कधी एकटं पडू दिलं नाही, आणि पुढल्याच साली सकीनाला मुलगी झाली. सातव्या दिवशी पाळणा बांधला. उशाखाली सुरी ठेवली.

लतीफच्या डोक्यातला किडा मात्र वळवळतच होता.

‘‘बाबा, तुम्ही वय सांगितलंच नाहीत. दोनशे? तीनशे?’’

पाळण्यात पोर कुरकुरली. बाबांनी दोरीला हलका झोका दिला.

‘‘कुणाचं, सुरीचं?’’

‘‘सुरीचंच हो.’’

‘‘सुरी आता हिची. सुरीला… आज सातवा दिवस.’’