दाभोळे सरांचा हुद्दा

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दाभोळे सरांचा हुकूम होता : सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एकच असली, तरी तिची वेगळी प्रत प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात हवी. कुणी कुणावर विसंबायचं नाही.

त्या लायब्ररीत तारखेची चूक निघाली, तेव्हा एकेक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागला. ग्राहक महिनाभर ओरडत होते. सरांच्या हाताखालच्या शाल्मलीने सगळ्या प्रोग्रॅमना मिळून एकच, सामायिक लायब्ररी सुचवली, तर सर म्हणाले, "ओरडतील आणि गप्प बसतील."

पुढे सर संचालक झाले. सत्काराच्या दिवशी सकाळी पाहतात तो काय, प्रत्येक प्रोग्रॅम उघडताच त्यांच्या नावाखाली अजून 'व्यवस्थापक'. तेही लायब्ररीतूनच येत होतं.

"संध्याकाळपर्यंत सगळीकडे बदल," सरांनी शाल्मलीला फर्मावलं.

"तुमच्या पद्धतीने एखादाच प्रोग्रॅम होईल, सर. कुठला करू?" सर कुठला निवडतात, याची शाल्मलीला खरोखरच उत्सुकता होती.

सर घुटमळले. "दुसरा मार्ग नाही?"

"सामायिक लायब्ररीवर चालणारे सगळे प्रोग्रॅम मी बांधून, तपासून ठेवलेत. फक्त तुमची परवानगी हवी."

ती लगेच मिळाली. शाल्मलीने लायब्ररीत एक शब्द बदलला आणि चहा यायच्या आत सगळीकडे 'संचालक' झळकलं.

"एवढं सोपं होतं, तर मला तेव्हाच पटवून का नाही दिलंस?"

"तेव्हा नुसती तारीख चुकली होती, सर," शाल्मली म्हणाली. "तुमचा हुद्दा नव्हता चुकला."