डोहातली मथी

फार वर्षांमागची गोष्ट. या नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि काळडोहाच्या तळाशी साती आसरा राहत होत्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या बायका. पाठीवर मोकळे हिरवे केस, पावलांना शेवाळ. त्यांची नजर पडली की माणूस आत ओढला जातो, असं म्हणतात.

काठावर सगुणा भोईण राहायची. नवरा गेलेला, पदरात एकुलती एक मथी. एका दुपारी मथी पाण्याला गेली आणि डोहावर नुसता हंडा तरंगत राहिला. धाकट्या आसरेला खेळायला सोबत हवी होती. तिनं पोरीला खाली नेलं.

खाली मथी मेली नाही. ती आसरांच्या वेण्या घालायची, माशांचे कळप गुरांसारखे वळायची, कासवावर बसून डोहभर हिंडायची. दुसरं कुणी पोर असतं तर घर विसरलं असतं. मथी मात्र आई आई करून रडायची. तेवढे दिवस डोहाचं पाणी खारट लागायचं, असं म्हणतात.

थोरल्या आसरेची नथ एका म्हाताऱ्या सुसरीनं गिळली होती. तिच्यापुढं जायची आसरांचीही छाती नव्हती.

मथी म्हणाली, "मी आणते. मग मला घरी सोडशील?"

"सोडीन. पण वरच्यांनी तुला आधीच पोचवलं असलं, तर माझ्या हातात काही नाही."

मथीला हसू आलं. आई आपल्याला कशी पोचवेल? सुसरीनं जांभई दिली तशी पोर जबड्यात शिरली आणि नथ घेऊन बाहेर आली. दोन बोटं मात्र आतच राहिली.

त्याच सकाळी वर घाटावर मथीचा दहावा चालला होता. प्रेत सापडलं नव्हतं, म्हणून गवताचा पुतळा जाळला होता. चुलत्यानं, धोंडाजीनं, पिंड मांडला. झाडावर कावळे होते, पण एक शिवेल तर शपथ.

"माझी पोर जित्ती हाय!" सगुणा ओरडली. "म्हनून तर शिवंना!"

"वैनी, लेकराची इच्छा ऱ्हायली असंल," धोंडाजी म्हणाला. त्यानं परकर-पोलकं कबूल केलं, गुळाची पोळी कबूल केली. कावळे हलले नाहीत. उन्हं चढली, लोकांना भुका लागल्या. पाखरांना कळलं ते एवढ्या माणसांना कळू नये, याचा मला अजून संताप येतो. धोंडाजी वाईट नव्हता, त्याला फक्त उरकायचं होतं. रीतीप्रमाणं त्यानं दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावला.

तेवढ्यात शेवटच्या पायरीवर पाण्यातून एक चिमुकला हात आला. तीनच बोटं होती. सगुणेनं झेप घेऊन तो धरला, आणि तिच्या मुठीतून नुसतं पाणी गळालं.

सगुणा त्या पायरीवरून परत उठली नाही, असं म्हणतात.

त्या गावात अजून दर्भाचा कावळा करत नाहीत. कावळा शिवला नाही, तर गावात चूल पेटत नाही, सगळे घाटावर बसून राहतात. मग 'मथीची हाक' देतात. घरचं माणूस शेवटच्या पायरीवर वाकतं, पाण्यापुढं हात धरतं आणि गेलेल्याचं नाव घेऊन विचारतं, "येतंयस का?" ज्याला स्वतः जाळून आले, त्यालाही विचारतात. आणि हात लवकर मागं घेत नाहीत.